गांधीबागेतले लिनक्सकाका

ठोक कापडाच्या गल्लीत सकाळी अकराला काय चालतं, ते नागपूरच्या गांधीबागेत गेलेल्या माणसाला सांगायला नको. टेम्पोतून गाठी उतरत असतात, हमाल "हटो हटो" करत पाठीवर गाठ घेऊन धावत असतात, ट्रान्सपोर्टचा पोट्टा बिल्टीसाठी बोंबलत असतो आणि मधोमध एखादी गाय निवांत उभी असते. या सगळ्यातून एक जुनी लुना येते. लुनेवरचा माणूस हॉर्न वाजवत नाही, कोणाला सरका म्हणत नाही. पाय टेकवून उभा राहतो. यथावकाश गाय हलते, गाठ आत जाते, टेम्पो निघतो आणि लुना जिथे जायची तिथे जाते.

हे आमचे लिनक्सकाका. खरं नाव पगारपत्रकावर आहे, गल्लीत ते कोणी वापरत नाही. एका कापडाच्या पेढीवर ते हिशेब पाहतात. 'कॉम्प्युटर पाहणं' हे खातं त्यांना कोणी दिलं नाही, ते अंगावर आलं. बऱ्याच वर्षांपूर्वी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये तीन प्रतींचा कागद अडकला होता. सगळे त्याच्याभोवती उभे राहून एकमेकांना सल्ले देत होते. काकांनी बाजूचं चाक उलटं फिरवून कागद काढला. झालं! आपल्याकडे ऑफिसातला संगणक विभाग असाच स्थापन होतो. त्या दिवसापासून माऊस चालेना, बोलवा काकांना. लाइट गेली, बोलवा काकांना. शेठजींच्या सुनेच्या मोबाइलमध्ये फोटो मावेनात, बोलवा काकांना.

बाकी नागपूर भेटल्यावर "काय म्हणता" विचारतं. काका विचारतात, "बॅकअप आहे ना?" लग्नात वधूपिता हात जोडून दारात उभा असतो आणि काका अक्षता टाकून थेट व्हिडिओवाल्याकडे जातात. "एकाच कार्डात ठेवून राहिले का सगळं? दुसरी कॉपी काढली?" एकदा गल्लीतल्या एका व्यापाऱ्याला पाहायला दवाखान्यात गेले. सलाइन लावलेल्या माणसाशी काय बोलावं हे कोणालाच सुचत नव्हतं. काकांनी उशाशी बसून, अगदी मऊ आवाजात, दुकानाच्या डेटाचा पासवर्ड आणखी कोणाला ठाऊक आहे का, एवढं विचारलं. घरच्यांना ते फार लागलं. पण तो माणूस बरा होऊन दुकानात आला तेव्हा त्याने पहिलं काम आणखी एकाला पासवर्ड सांगायचं केलं.

शर्टाच्या खिशात सुपारीचा एक जुना चपटा डबा असतो. काका सुपारी खात नाहीत, खर्ऱ्याला तर हातही लावत नाहीत. डब्यात पेनड्राइव्ह असतात आणि प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा. 'मिंट', 'मेमरी तपासणे', 'मुनीमजी – हात लावू नये', 'काकूचे भजन'. पानठेल्यावर उभं असताना डबा उघडला की शेजारचा माणूस सवयीने हात पुढे करतो, आणि मग आत पाहून मागे घेतो.

लिनक्स या फुकट, खुल्या कार्यप्रणालीचा नाद त्यांना लागला 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत येणाऱ्या तिच्या सीडीमुळे. पुढे लिनक्सचाच एक अवतार काढणारे उबुंटूवाले मागेल त्याला परदेशातून टपालाने सीडी पाठवायचे, एक पैसा न घेता. महाल भागातल्या काकांच्या घरी ते पाकीट आलं तेव्हा पोस्टमनने सही घेताना विचारलं म्हणे, "पोरगा बाहेर असते का?" ते पाकीट काकांनी अजून ठेवलं आहे. 25 ऑगस्टला ते गल्लीतल्या चार लोकांना चहा पाजतात, कारण 1991 साली त्या दिवशी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या 21 वर्षांच्या पोराने जगाला कळवलं की, मी आपला हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहितोय, फार मोठं काही होणार नाही. काका ही गोष्ट दर वर्षी सांगतात आणि 'फार मोठं काही होणार नाही' इथे येऊन थांबतात, सगळ्यांकडे बघतात. चहा पिणारे मान डोलावतात. चहा चांगला असतो.

ही तारीख बहुतेक पोळा-मारबतीच्या आगेमागे येते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि तिच्यासोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे, निघतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी ज्याचा राग असेल त्याचा. काकांनी एका वर्षी पोट्ट्यांना सुचवलं, "चोरीच्या सीडीचा बडग्या काढा ना!" पोट्ट्यांनी आदराने ऐकून घेतलं. बडग्या निघाला नाही.

या सूचनेमागे काकांचं सगळ्यात जुनं दुखणं आहे. इतर ठिकाणी विंडोज की लिनक्स हा वाद होतो तो किमतीवरून. एक म्हणतो लायसनचे पैसे परवडत नाहीत, दुसरा म्हणतो फुकटच्या मालाची हमी कोण घेणार. गांधीबागेत ही लढाई कधी झालीच नाही, कारण विकतचं सॉफ्टवेअर कोणी विकत घेतलेलंच नव्हतं. कॉम्प्युटर जुळवून देणारा पोट्टा सीताबर्डीवरून यायचा, त्याच्या बॅगेत एक सीडी असायची, तिच्यावर स्केचपेनने 'ऑल इन वन' लिहिलेलं असायचं. तिच्यात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल आणि शेठजींच्या नातवासाठी कारची शर्यत. काकांनी मोठ्या उमेदीने शेठजींना सांगितलं की आपल्याकडे एक असं सॉफ्टवेअर आहे ज्याला पैसे पडत नाहीत. शेठजींनी गादीवर मांडी बदलली.

"काका, ये भी फोकट, वो भी फोकट. फिर तकलीफ काहे को?"

काका निरुत्तर होऊन परत आले. असा माणूस चिडतो, चार व्याख्यानं देतो आणि विषय सोडून देतो. काकांनी लायसनचा भाव काढला. पेढीवरची मशीनं मोजली, प्रत्येकाला विंडोज किती, ऑफिस किती, कोरल किती, असा आकडा मांडला, खाली कर जोडला, आणि तो कागद भर सीझनमध्ये शेठजींपुढे ठेवला. "कायद्याने एवढे द्यावे लागतात, शेठजी. द्यायचे का?" शेठजींनी कागद लांब धरला, जवळ धरला. "इतने में तो गाठ आ जाएगी!" काका म्हणाले, "म्हणूनच म्हणून राहिलो."

त्यातून तडजोड अशी झाली की जे लागतंच ते विकत घ्यायचं आणि जे लागत नाही ते हळूहळू काढायचं. हिशेबाच्या टॅलीचं लायसन आलं, एका मशीनचं विंडोज रीतसर आलं. आमच्या बाजूच्या दुकानांतून मी विचारून पाहिलं तर विंडोजचे पैसे भरणारा पहिला माणूस म्हणून सगळ्यांनी लिनक्सवाल्याकडेच बोट दाखवलं.

काकांचा मंत्र दोन शब्दांचा आहे: "एकदम नाही." तो म्हणताना तळहात खाली करून हवा थोपटायची. कोणी तरुण मुलगा उत्साहात म्हणाला, काका, रविवारी सगळी मशीनं उडवून टाकू, सोमवारी सगळे नव्यावर, की काका घाबरतात. "नवी सून पहिल्याच दिवशी सासूचा मसाल्याचा डबा बदलते का? आधी दोन महिने त्याच डब्यातून स्वयंपाक करते. मग म्हणते, आई, हे झाकण जरा सैल झालं, नाही?"

म्हणून कार्यप्रणालीला हात लावायचा शेवटी. आधी विंडोजवरच चालतील असे खुले प्रोग्राम एकेक करून आत सोडायचे. फायरफॉक्स ब्राउझरचं 1.0 आलं नोव्हेंबर 2004 मध्ये. ते काकांनी पेढीवर बसवलं आणि त्याचं चित्र बदलून तिथे इंटरनेट एक्सप्लोररचं जुनं निळं 'ई' लावलं, नाव ठेवलं 'इंटरनेट'. कित्येक महिने कोणाला पत्ता नव्हता. फक्त मुनीमजी एकदा म्हणाले, "आजकाल इंटरनेट जरा सुधारलं वाटते."

दुसरा नंबर व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसीचा. शेठजींच्या मुलीच्या लग्नाची सीडी काही केल्या चालेना. घरची बायामंडळी कॉम्प्युटरसमोर जमलेली, व्हिडिओवाला फोन उचलेना. काकांनी डबा उघडला. लग्न चालू झालं आणि थेट विदाईपर्यंत गेलं. व्हीएलसीचं चित्र म्हणजे रस्त्यावरचा नारिंगी शंकू, म्हणून शेठजी त्याला 'ट्रॅफिकवाला' म्हणतात आणि आज कुठलीही फाइल उघडेनाशी झाली, मग ती वीजबिलाची का असेना, की त्यांचा हुकूम सुटतो: "ट्रॅफिकवाले में डालो!"

खरी लढाई झाली ती ऑफिसच्या प्रोग्रामवर, आणि समोर होती बिलिंगची ताई. ताई म्हणजे पेढीचा कणा. तिला एक्सेल येतं असं ती कधी म्हणत नाही, पण स्क्रीनकडे न बघता महिन्याची वसुली लावते. काकांनी ओपनऑफिस बसवलं आणि अर्ध्या तासात हाक आली, "काका, माझं ते कुठं गेलं?" कुठलं ते? "ते हो, वरून दुसऱ्या ओळीतलं, डावीकडून चौथं!"

दुसरा कोणी असता तर ताईला प्रशिक्षण दिलं असतं. काकांनी दोन रविवार पेढीवर येऊन पट्ट्या सरकवल्या. ताईच्या जुन्या स्क्रीनचं चित्र छापून मॉनिटरशेजारी चिकटवलं आणि एकेक बटण ओढून जिथल्या तिथे, वरून दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथं, असं नेऊन बसवलं. फाइल आपोआप जुन्या एक्सेलच्या रूपातच साठेल अशी सोय केली, कारण सीएच्या ऑफिसातून पहिला फोन आला असता त्या दिवशी सगळं संपलं असतं. 2010 मध्ये ओपनऑफिसची बरीच मंडळी वेगळी निघाली आणि त्यांनी लिबरऑफिस काढलं, तेव्हा काकांनी ताईला ती बातमी घरातल्या वाटणीसारखी सावकाश समजावली. ताई म्हणाली, "माझी बटणं तर जागेवर राहतील ना?" राहिली.

दलालीच्या हिशेबाची एक फाइल मात्र वर्षानुवर्षं आडवी पडून होती. ती शेठजींच्या कुठल्याशा भाच्याने केलेली. आत मॅक्रो होते, म्हणजे एक बटण दाबायचं आणि दलालाचा आकडा यायचा. भाचा पुण्याला गेला, बटण राहिलं. आत काय चालतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि लिबरऑफिसमध्ये ते बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. काकांनी आतलं सगळं वहीत उतरवून काढलं, साध्या सूत्रांत मांडलं आणि एक अख्खा सीझन दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालवले. एकीकडे भाच्याचं बटण, एकीकडे काकांची सूत्रं आणि तिसरीकडे मुनीमजींची लाल चोपडी. जिथे फरक पडेल तिथे निर्णय चोपडीचा. चोपडी एकदाही हरली नाही. मुनीमजी तेव्हापासून काकांच्या बाजूचे झाले; त्यांना वाटतं लिनक्स हा चोपडीच्याच घराण्यातला कोणी असावा.

काकांना दाखले द्यायला आवडतात, आणि दाखले नेहमी हळूहळूचेच असतात. फ्रान्सच्या जाँदार्म पोलिसांनी 2005 मध्ये आधी ओपनऑफिस घेतलं, 2006 मध्ये फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि मग कुठे 2008 पासून उबुंटूकडे गेले. "पोलीस असून घाई नाही केली!" लिनक्सवर चालणाऱ्या केरळच्या शाळांचं नाव निघालं की चेहरा उजळतो. म्युनिकचं नाव निघालं की पडतो. त्या शहराने 2003 मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षं खपून हजारो मशीनं बदलली आणि 2017 मध्ये परत फिरायचं ठरवलं. त्या आठवड्यात काका गप्प गप्प होते. घरात काही झालं का म्हणून विचारलं तर म्हणाले, "घरी नाही, जर्मनीत." 2024 मध्ये जर्मनीतल्याच श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने सरकारी कचेऱ्यांतली 30 हजार मशीनं लिबरऑफिसवर न्यायचं जाहीर केलं तेव्हा काकांनी गल्लीत संत्रा बर्फी वाटली. कोणीतरी विचारलं, नातू झाला का?

आणि अगदीच कोणी ऐकेना तर एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात काढलेली मिल. पुढे त्यांनी चात्या बदलून नवी रिंग फ्रेम आणायचं ठरवलं, तेव्हा ती भारतात कोणाला फारशी माहीत नव्हती. "त्यांनी का एका रात्रीत मिल बदलली? आधी थोडी आणून पाहिली, सूत कसं निघते ते पाहिलं." समोर कापडवाला बसलेला असला की हा दाखला बरोबर लागतो. सुताला कोण नाही म्हणणार!

काकांचं स्वतःचं एक पंचांग आहे. गादीमागे लक्ष्मीच्या तसबिरीखाली ट्रान्सपोर्ट कंपनीचं कॅलेंडर असतं, त्यावर काका लाल पेनने विंडोजच्या शेवटच्या तारखा लिहितात. एक्सपीची सोबत मायक्रोसॉफ्टने सोडली 8 एप्रिल 2014 ला, आणि त्या दिवशी नेमकी रामनवमी. पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेने रस्ते फुललेले, लोक एकमेकांना प्रसाद देताहेत, आणि काका प्रत्येकाच्या कानाशी जाऊन, "आज एक्सपी गेलं हो." एकदोघांनी सहानुभूतीने हात जोडले. विंडोज 7 गेलं 14 जानेवारी 2020 ला, भोगीच्या दिवशी.

तुम्हाला वाटेल असा माणूस दुसऱ्याच्या फजितीची वाट बघत असणार. मे 2017 मध्ये वॉनाक्रायची साथ जगभर पसरली, मशीनं कुलूपबंद होऊन खंडणीचे निरोप झळकायला लागले, तेव्हा 'पाहा, मी सांगत नव्हतो' म्हणायची संधी चालून आली होती. ती ज्या छिद्रातून शिरली त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, पण चोरीच्या सीडीवाले अपडेट कधी करतच नसत. अपडेट केलं की मशीन 'तुमची प्रत खरी नाही' म्हणेल ही भीती. काका शनिवार-रविवार डबा घेऊन दुकानोदुकान फिरले. लिनक्सचं नाव एकदाही काढलं नाही. "हे एवढं चढवून घ्या. आणि डेटाची एक प्रत काढून वायर वेगळी करा." स्वतःच्या पेढीचा डेटा त्यांनी केव्हाच माळ्यावर ठेवलेल्या एका टाकाऊ मशीनवर न्यायला सुरुवात केली होती. त्यावर लिनक्स आणि फाइली सगळ्यांना वाटून देणारं साम्बा, आणि नाव 'गोदाम'. रोज रात्री दुकान बंद झालं की सगळ्या मशीनचा माल गोदामात जातो. शेठजींना हे लगेच समजलं. संगणकातली तेवढीच एक गोष्ट त्यांना पहिल्या झटक्यात समजली आहे.

पण त्याच वर्षी 1 जुलैला जीएसटी आला. कापडाला 5 टक्के, आणि कापडवाल्यांना असल्या भरणीची सवय नव्हती; गल्ली दणाणून गेली. विवरण भरायची ऑफलाइन साधनं विंडोजसाठी, एक्सेलवर चालणारी. डिजिटल सहीचं डोंगल लिनक्समध्ये खोचलं की कधी दिसायचं, कधी नाही. काकांनी ताईच्या शेजारच्या मशीनवर नुकतंच लिनक्स मिंट चढवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने ते उतरवून परत विंडोज चढवलं. मला वाईट वाटलं. ते शांतपणे स्क्रू पिळत म्हणाले, "मागे येता आलं पाहिजे ना. नाहीतर पुढची पायरी कोणी चढूच देणार नाही." मला वाटतं काकांवर लोकांचा विश्वास बसला तो या असल्या माघारींमुळे. यश मिळवून दाखवणारे गल्लीत पुष्कळ येऊन गेले.

टॅलीपुढे तर काका सरळ हात जोडतात. मनात त्यांचं स्वप्न आहे सगळी पेढी ईआरपीनेक्स्टवर नेण्याचं. मुंबईत बनलेली, खुली, कोणीही आत डोकावून पाहावी अशी प्रणाली. दर वर्षी नव्या वर्षाच्या वह्या पूजल्या की ते शेठजींना लॅपटॉपवर दाखवतात. शेठजी कौतुकाने बघतात आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारतात, "इसमें एफ-टू से तारीख बदलती है क्या?" टॅली भरत गोएंकांनी 1986 मध्ये आपल्या व्यापारी वडिलांसाठी लिहिलं, ही गोष्ट शेठजींना पाठ आहे. "बेटे ने बाप के लिए बनाया, काका. बनिए का सॉफ्टवेअर है." त्यावर काकांकडे उत्तर नाही, आणि ते शोधतही नाहीत. कोपऱ्यातल्या एका विंडोज मशीनवर टॅली ठेवलं आहे, बाकीची मशीनं दुरूनच त्यात डोकावतात. त्या कोपऱ्याला मुनीमजी सकाळी उदबत्ती ओवाळतात. काकांची हरकत फक्त धुराला आहे, पंख्यात जातो म्हणून.

आमच्यावरही त्यांचा डोळा आहे. चितार ओळीच्या अंगाला आमचा छापखाना. पत्रिका, बिलबुकं, गणपतीच्या मंडळांच्या पावत्या. आमचं सगळं जुन्या फॉण्टमध्ये. म्हणजे आमच्या मशीनवर 'शुभविवाह' दिसतं, दुसऱ्याच्या मशीनवर तेच उघडलं तर इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. काका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी छपाईची पानं मांडायचं खुलं स्क्रायबस काढून दाखवलं, एक पत्रिका टाकली आणि जोडाक्षरं फुटलेली पाहून स्वतःच बंद केलं. "अजून नको. याला देवनागरी शिकू द्या." पुढे काही वर्षांनी स्क्रायबस देवनागरी शिकलं, पण काका ते घेऊन आले नाहीत. ते 'मुक्त' फॉण्ट घेऊन आले. 'एक टाइप' नावाच्या फॉण्टवाल्यांनी काढलेला, कोणीही वापरावा असा. "पत्रिका राहू द्या तुमच्या जुन्यात. फक्त पत्त्यांची यादी सगळीकडे सारखं दिसणाऱ्या युनिकोडमध्ये करून पाहा." केली. दुसऱ्या वर्षी त्याच यादीत नाव शोधायला लागलं आणि ते सापडलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तळहात खाली करून हवा थोपटत बसले असते.

काकांची सगळ्यात मोठी ग्राहक म्हणजे काकू. घरच्या कॉम्प्युटरवर त्या भजनं ऐकतात, मुलीशी व्हिडिओवर बोलतात, भिशीचा हिशेब ठेवतात, सांबारवडीच्या पाककृती छापून शेजारी वाटतात. त्या कितीतरी वर्षं लिनक्स वापरतात आणि त्यांना ते माहीत नाही. एकदा मी त्यांच्यासमोर विषय काढला तर म्हणाल्या, "ते यांचं ऑफिसातलं काहीतरी असते. आपल्याला काही समजत नाही बाप्पा त्यातलं." काका आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर किंचित हलला.

मग आला ऑक्टोबर 2025. विंडोज 10 ची शेवटची तारीख 14, आणि 17 ला वसुबारस. कापडबाजारात त्या दिवसांत माणसाला पाणी प्यायला सवड नसते. नव्या विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि पेढीवरची मशीनं त्याआधीची, धडधाकट, पण त्या दारातून आत न घेतली जाणारी. बर्डीवरच्या पोट्ट्याने सगळी नवी घेण्याचा भाव दिला. शेठजींनी तो कागद लांब धरला, जवळ धरला आणि हाक मारली. मी तेव्हा पावतीपुस्तकाचं प्रूफ घेऊन तिथेच उभा होतो.

"काका, वो आपका पेंग्विनवाला लिनक्स लाओ. सब में डाल दो. आज ही."

वीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य गादीवरून आलं होतं. ताईने टाइप करायचं थांबवलं. मुनीमजींनी चष्मा वर केला. काकांचा हात खिशातल्या डब्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"दिवाळीत नाही, शेठजी," काका म्हणाले. "सीझन होऊन जाऊ द्या. मायक्रोसॉफ्ट पैसे घेऊन वर्षभर अपडेट देऊन राहिलं. टॅलीच्या मशीनचे भरून टाकू. बाकीच्यांवर तोवर फक्त ब्राउझर आणि बिलिंग चालू द्या, बाकी सगळं गोदामात आहेच. तुळशीचं लग्न झालं की एक मशीन घेऊ. एकच."

शेठजी त्यांच्याकडे बघत राहिले. "अरे, मैं हाँ बोल रहा हूँ!"

"हो ना. ऐकलं मी."

तुळशीचं लग्न झालं. पहिलं मशीन कोणाचं यावर ताई आणि शेठजींचा मुलगा यांच्यात दोन दिवस चाललं. दोघांनाही दुसऱ्याचं आधी व्हायला हवं होतं. काकांनी शेवटी स्वतःचं केलं, जे आधीपासूनच तसं होतं, आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. सगळे समाधानाने जागेवर गेले. तिथून ते लुनेवर बसून सरळ आमच्या छापखान्यात आले, काउंटरवर कोपर टेकवलं, आमच्या ऑपरेटरच्या स्क्रीनकडे मान वळवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे वरचं दुसरं बटण आहे ना, हे तुम्ही दिवसातून किती वेळा दाबता?"